मिनिटरावांचं टेलिफोन बिल

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्यांच्या पगारपत्रकाखेरीज कुणाच्या लक्षात नाही, तेव्हा आपणही त्या भानगडीत पडायला नको. पाणीपट्टीच्या कार्यालयात बिलांच्या तक्रारींची जी खिडकी आहे, तिच्यामागे हा माणूस सव्वीस वर्षं बसतो आहे. खिडकी दहा वाजता उघडते म्हणजे दहाला उघडते. दहाला एक मिनिट कमी असताना कुणी काचेवर टकटक केलं, तर मिनिटराव मान वर न करता मनगट वर करतात आणि घड्याळ दाखवतात. ‘साधारण’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. “साहेब, साधारण कधी येऊ?” असं कुणी विचारलं, की ते म्हणतात, “साधारण येऊ नका. तीन वाजून दहा मिनिटांनी या.”

त्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली आहे : ‘आधी बिल भरा, मग तक्रार करा.’ सव्वीस वर्षांत ह्या पाटीपुढे भलेभले वरमले. कुणी रडलं, कुणी हातवारे केले, एका गृहस्थांनी तर घरचा नळच काढून आणून टेबलावर आपटला. मिनिटरावांनी नळाची पोचपावती दिली आणि पाटीकडे बोट दाखवलं. बिल चुकीचं असू शकतं हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं, पण प्रत्यक्षात तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि एका महिन्यात त्यांच्याच घरच्या टेलिफोनचं बिल आलं, बाराशे पंधरा.

दर महिन्याला साडेचारशे येई. अगदी ठरलेलं, ना कमी ना जास्त. कंपनीच्या ‘सुखी कुटुंब योजने’चं ब्रीदच होतं तसं, ‘हवं तेवढं बोला, बिल तेवढंच.’ बिलावर एक बाप, एक आई आणि दोन मुलं एकाच रिसीव्हरला कान लावून खदखदून हसत असल्याचं चित्र असे. ह्या महिन्यातही ती चौघं हसत होती. फक्त खाली एक नवी ओळ आली होती : ‘मू.व.से. (इतर) – ७६५.’

मिनिटरावांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “अगं, तू ताईंशी किती बोलतेस रोज?”

आता ही ताई कोण, ते सांगायला हवं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. दुसऱ्या गावी एकटी राहते. दोन महिन्यांपूर्वी जिन्यावरून घसरून तिचा पाय मोडला आणि कंबरेपर्यंत प्लास्टर चढलं. कामाला येणारी बाई सकाळी येऊन जाते, मग दिवसभर ताई आणि भिंती. तेव्हापासून बायको रोज दुपारी चार वाजता ताईला फोन लावायची. काय बोलायच्या ते देव जाणे, पण फोन ठेवला की बायकोचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसायचा. घरात मोबाइल होते, नव्हते असं नाही. पण दोन इमारतींच्या मध्ये दबलेल्या त्या तळमजल्यावर मोबाइलला रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीत यायची, तीही स्टुलावर चढलं तर. एका बहिणीचा पाय जिन्यावर मोडलेला असताना दुसरीने स्टुलावर चढून गप्पा मारणं बरं दिसलं नसतं.

“अर्धा तास, कधी पाऊण,” बायको म्हणाली. “का?”

“नक्की किती? अर्धा की पाऊण?”

“अहो, मी काय घड्याळ लावून बोलते? आणि त्या योजनेत सगळं फुकट आहे ना? तुम्हीच तर वाचून दाखवलंत.”

मिनिटरावांनी योजनेचा कागद काढला. ‘हवं तेवढं बोला’ ह्याच्या डोक्यावर एक बारीक तारा होता. हा तारा त्यांनी आजवर शोभेचा समजला होता. ताऱ्याचा माग काढत ते पानाच्या तळाशी गेले, तिथे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘निवडक क्रमांक वगळून.’ ‘निवडक’वर दोन तारे होते. दोन ताऱ्यांपाशी लिहिलं होतं, ‘वेळोवेळी ठरवल्याप्रमाणे.’ तिथे तीन तारे. तीन तारे मात्र कागदावर कुठेच उतरले नव्हते. मिनिटरावांनी कागद उलटा केला, उजेडात धरला, भिंग आणलं. पाणीपट्टीच्या बिलावरही बारीक अक्षरं असतात, नाही असं नाही, पण ती लिहिणाऱ्याला तरी कळतात.

“तुझी ताई निवडक असणार,” ते शेवटी म्हणाले.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. “म्हणजे माझ्यामुळे आलं बिल?”

“मी असं म्हटलं नाही. पण घरात आपण दोघंच. मी तर कुणाला फोन करत नाही.”

हे त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. गप्पा मारायला फोन करणारी माणसं वेगळी आणि आपण वेगळे, ह्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“ठीक आहे,” बायको म्हणाली. “नाही करत.” एवढंच बोलून ती पुन्हा भांड्याकडे वळली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मिनिटरावांना नंतर बऱ्याचदा वाटलं.

मिनिटरावांनी बिल भरलं. अर्थात आधी भरलं. मग तक्रारीची तयारी म्हणून त्यांनी कार्यालयी पद्धतीचं एक जाडजूड रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले आणि फोनशेजारी ठेवलं. आलेला की केलेला, कुणाचा, सुरू किती वाजता, संपला किती वाजता, सही. शेवटचा रकाना ‘वेळेची पडताळणी’. कारण नोंद करायची तर वेळ बिनचूक हवी, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काय भरवसा? त्यासाठी मिनिटरावांकडे तीस वर्षं जुना उपाय होता. वेळ सांगणारा तो नंबर फिरवायचा. पलीकडून एक बाई शांत आवाजात तास, मिनिट, सेकंद सांगते आणि मग टिंग होतं. त्या टिंगवर काटा जुळवायचा. सकाळी सातला एकदा आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकदा, असं ते वर्षानुवर्षं करत आले होते. दात घासण्याला कुणी दात घासणं म्हणून मोजत नाही, तसा हा फोन त्यांच्या लेखी फोन नव्हताच. आता रजिस्टर आल्यावर प्रत्येक नोंदीआधी एकदा आणि नोंदीनंतर एकदा पडताळणी सुरू झाली. दिवसा बायकोने केलेल्या नोंदींचीही संध्याकाळी रीतसर पडताळणी होई.

ताईला कळेना की बहिणीचे फोन का थांबले. तीच अधूनमधून करू लागली. फोन वाजला की मिनिटराव घरी असले तर मनगटावर नजर लावून शेजारी उभे राहत.

“बरी आहेस ना? मी बरी. हो, कामात होते. ठेवते,” बायको म्हणे.

“एक्केचाळीस सेकंद,” मिनिटराव लिहीत, आणि मनाशी म्हणत, बघा, मनात आणलं तर जमतं माणसाला.

ह्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचे मोजणीदार न येते तरच नवल. हे गृहस्थ जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खात्याची फीत घरी घेऊन आले होते आणि दिसेल ते मोजत असत. रजिस्टर बघून ते खुर्चीत बसले, बसताना खुर्चीची उंची बोटांनी मोजली आणि हळू आवाजात म्हणाले, “मिनिटराव, हे घरातलं प्रकरण नाही. तुमची लाइन कोणीतरी चोरतंय.”

“लाइन कशी चोरतील?”

“हद्द सरकवतात तशी. मी आयुष्यभर हेच पाहिलं. ‘मू.व.से.’ म्हणजे काय असेल सांगा बरं?”

“काय?”

“ते मलाही माहीत नाही. पण ज्या अर्थी पूर्ण लिहिलेलं नाही, त्या अर्थी लपवण्यासारखं काहीतरी आहे.”

हे मिनिटरावांना पटलं. वास्तविक त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाच्या बिलावर ‘ज.नि.अ. (किरकोळ)’ अशी ओळ सव्वीस वर्षं छापली जात होती आणि तिचा अर्थ विचारणाऱ्याला ते ‘नियमानुसार’ असं उत्तर देत. पण ते त्या वेळी आठवलं नाही.

रविवारी दोघं फीत घेऊन तारेच्या मागे निघाले. तार दारावरून गेली, पाइपाला वळसा घालून जिन्याखाली शिरली आणि तिथे एका पेटीत आणखी सहा तारांमध्ये मिसळून गेली. मोजणीदारांनी प्रत्येक तारेची लांबी लिहून घेतली, ती कशासाठी हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. “ही बघा!” ते एकदम ओरडले. “ही तुमची नव्हे, पण तुमच्या अंगाला अंग लावून चाललीय. हाच तो चोर.” आणि मिनिटराव “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी ती उपटली.

ती पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. दोन दिवस त्यांच्याकडे एकही रुग्ण फोन करू शकला नाही. तिसऱ्या दिवशी त्या खाली आल्या, हातात कुणाच्यातरी जबड्याचा साचा होता. तो साचा मिनिटरावांच्या तोंडासमोर धरून जरा वेळ अंदाज घेतल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. तार जोडायचा खर्च मिनिटरावांनी दिला. मोजणीदार त्या आठवड्यात पुतण्याकडे राहायला गेले होते.

तेवढ्यात दुसरं बिल आलं. दोन हजार नऊशे चाळीस.

मिनिटरावांनी रजिस्टर उघडलं. महिनाभर बायकोने ताईला एक फोन लावला नव्हता. रजिस्टर साक्षीला होतं. दुधवाला, गॅसवाला, वेळ ठरवायला डॉक्टर, एक चुकून लागलेला विमा एजंट, आणि ताईचे ते पन्नास सेकंदांच्या आतले फोन. आणि बिल मात्र दुपटीच्या वर! हसणारं कुटुंब तसंच हसत होतं, मिनिटरावांना वाटलं की धाकटा मुलगा जरा जास्तच.

बायकोने बिल वाचलं, घडी करून त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, “आता कोण निवडक?”

मिनिटरावांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बिलासाठी एक दाबा म्हणाले, एक दाबलं. मागील बिलासाठी दोन, दोन दाबलं. समजत नसल्यास तीन दाबा, त्यांनी तीनदा तीन दाबलं. मग बासरी वाजू लागली. सतरा मिनिटं वीस सेकंद बासरी ऐकल्यावर आवाज आला, “ह्या सेवेसाठी वेगळे दर लागू होऊ शकतात,” आणि मिनिटरावांनी विंचू चावल्यासारखा रिसीव्हर टाकला. नोंद मात्र केली, पडताळणीसह.

माणूस गोंधळला की काहीतरी भक्कम करावंसं वाटतं. मिनिटरावांनी सुताराकडून एक लाकडी पेटी करून आणली, फोन आत ठेवला, वर कुलूप ठोकलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

“हे कुणासाठी?” बायकोने विचारलं.

“कुणासाठी म्हणून नाही. सगळ्यांसाठीच.”

“सगळे म्हणजे दोघंच आहोत घरात,” ती म्हणाली, “आणि किल्ली एकाच्या गळ्यात.”

येणारे फोन फुकट असतात आणि तेही पेटीतच वाजणार, ही गोष्ट कशी कोण जाणे त्यांच्या डोक्यात आली नाही. ती आली तिसऱ्या दिवशी, तीही कार्यालयात. खिडकीपुढे अकरा माणसं उभी असताना बड्या बाबूंच्या टेबलावरचा फोन वाजला आणि तिथून शिपायाने सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी हाळी दिली, “मिनिटसाहेब, तुमच्या मेव्हणीबाई आहेत! विचारतायत, घरी सगळे जिवंत आहेत का?”

मिनिटराव धावत गेले. सव्वीस वर्षांत ते खिडकी सोडून प्रथमच धावले, रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं.

“अहो, किती वेळ फोन करतेय मी!” पलीकडून ताई जवळजवळ रडत होती. “नुसता वाजतोय, वाजतोय. माझ्या जिवाला घोर लागला. मला उठताही येत नाही हो इथून. काय झालंय तिला? महिना झाला, धड बोलतसुद्धा नाही माझ्याशी. माझं काही चुकलं का?”

“नाही, नाही. फोन जरा... पेटीत आहे,” मिनिटराव म्हणाले.

“कशात?”

“ठीक आहे सगळं. काय निरोप देऊ?”

“शुक्रवारी प्लास्टर काढणार आहेत. तिला पहिल्यांदा सांगायचं होतं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बायको पेटीसमोरच्या खुर्चीत बसली होती. “त्रेचाळीस वेळा वाजला,” ती म्हणाली. “मोजत बसले होते. लिहा रजिस्टरमध्ये.”

“ताईंचं प्लास्टर शुक्रवारी काढणार आहेत,” मिनिटराव कसेबसे म्हणाले.

“हे मला तुमच्याकडून कळावं?” बायकोचे डोळे भरून आले होते. मिनिटरावांनी घाईघाईने गळ्यातली किल्ली काढून पुढे केली, तर तिने हात मागे घेतला. “राहू दे. आधी तुमचा चोर सापडू दे. मी निर्दोष ठरले की मगच बोलेन.”

दुसऱ्या दिवशी मिनिटरावांनी रजा टाकली आणि रजिस्टर काखोटीला मारून कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकी दहाला उघडायची होती, उघडली दहा वाजून अकरा मिनिटांनी. आत एक तरुण बाई होती, दोऱ्याने बांधलेलं पेन होतं, आणि काचेवर पाटी होती : ‘प्रथम देयक भरावे. तक्रार नंतर.’ मिनिटराव त्या पाटीकडे बघतच राहिले. पाटीच्या ह्या बाजूला उभं राहिल्यावर तिचा अर्थ अगदीच वेगळा लागतो, हे त्यांना आज कळत होतं.

“बोला काका,” ती बाई म्हणाली.

काका! मिनिटरावांनी तो घाव गिळला. “हे बिल चुकीचं आहे.”

“भरलंय का?”

“चुकीचं आहे म्हणतो ना.”

“मग आधी भरा.” ती अगदी शांतपणे म्हणाली. तो स्वर मिनिटरावांच्या ओळखीचा होता, तो त्यांचाच होता.

त्यांनी बिल भरलं. मग तपशिलासाठी अर्ज केला. अर्जाला फी होती, फीची पावती दुसऱ्या खिडकीवर, दुसऱ्या खिडकीवरचा माणूस चहाला. दुपारी सव्वाबाराला तपशिलाचे चार कागद हातात आले. तोवर त्यांच्यामागे पुन्हा मोठी रांग लागली होती.

“हे घ्या. मू.व.से. म्हणजे मूल्यवर्धित सेवा,” बाई म्हणाली. “एकच नंबर आहे सगळीकडे. दर फोनला पंधरा. ह्या महिन्यात एकशे सहासष्ट वेळा.”

“बघा!” मिनिटराव रांगेकडे वळून म्हणाले. “एकशे सहासष्ट! मी म्हणत नव्हतो, चोरी आहे म्हणून? घरी बायको फोनवर एक शब्द बोलत नाही. हे रजिस्टर. सेकंदासकट आहे सगळं. ताडून बघा.”

बाईने रजिस्टर ओढून घेतलं आणि एक बोट कागदावर, एक रकान्यावर ठेवून वाचू लागली. “पाच तारीख, सात वाजून शून्य मिनिटं दहा सेकंद. इथे आहे. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. आहे. सहा वाजून नऊ. आहे. काका, हे सगळं जुळतंय.”

“जुळतंय? कुठल्या रकान्यात?”

“शेवटच्या. ‘वेळेची पडताळणी’. हे अक्षर कुणाचं?”

बाईने टेबलावरचा फोन जवळ ओढला, स्पीकर लावला आणि बिलावरचा तो नंबर फिरवला. सगळं दालन जरा शांत झालं, आणि त्या शांततेत मिनिटरावांच्या तीस वर्षांच्या ओळखीचा, संथ, सोज्वळ आवाज आला, “बारा वाजून एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद.” मग टिंग.

मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी आपापली घड्याळं बघितली. एकाने तर काटाही जुळवून घेतला.

“ही सेवा दोन महिन्यांपूर्वी सशुल्क झाली, काका. कळवलं होतं की.”

“कुठे?”

तिने बिल उलटं केलं. पाठीमागे, हसणाऱ्या कुटुंबाच्या बरोबर पायाखाली, तीन तारे होते.

“पण खरं सांगू?” बाई कौतुकाने म्हणाली, “इतकी चोख नोंद आजवर कुणी आणून दिली नव्हती. सही करा इथे, ‘तपशील तपासला, बरोबर आहे.’”

मिनिटरावांनी दोऱ्याच्या पेनाने सही केली. वेळ लिहिण्याच्या जागी त्यांचा हात सवयीने मनगटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. येताना ते बराच वेळ उगाच फिरले होते, किती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको दारातच होती.

“सापडला का चोर?”

“सापडला,” मिनिटराव म्हणाले आणि रजिस्टर आणि चार कागद तिच्या पुढ्यात ठेवले. बायकोने शेवटचा रकाना वाचला. मग कागद वाचला. मग पुन्हा रकाना. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही.

“अडतीस दिवस,” ती म्हणाली. “अडतीस दिवस ती तिकडे एकटी पडून विचार करतेय, माझं काय चुकलं म्हणून. तुमच्या टिंगपायी.”

“माझं चुकलं,” मिनिटराव म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते, त्यामुळे ते जरा अडखळतच बाहेर पडलं. “तुझं काही नव्हतं. ताईंचंही नव्हतं. माझंच.”

बायकोने पेटीकडे बोट दाखवलं. “कुलूप काढा,” ती म्हणाली.

त्यांनी कुलूप काढलं, फोन उचलून बाहेर ठेवला, पेटी उचलून माळ्यावर टाकली. मनगटावरचं घड्याळ सोडून खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. मग ताईचा नंबर स्वतः फिरवला. “ताई, मी बोलतोय. दोष सगळा माझा होता. ती सांगतेय हकीकत, सावकाश ऐका,” एवढं बोलून रिसीव्हर बायकोच्या हातात दिला आणि ते खिडकीपाशी जाऊन बसले.

बायको बोलत होती. आधी दोघी रडल्या, मग पेटीची गोष्ट झाली, मग दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या साच्याची, मग प्लास्टरची, मग कुठल्यातरी लहानपणच्या जिन्याची. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं, गच्चीपर्यंत पोचलं आणि दिसेनासं झालं. मिनिटराव नुसते ऐकत होते.

“अहो,” बायकोने रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, “ताईची सहाची गोळी आहे. सहा वाजले का?”

मिनिटरावांनी मनगट वर केलं. तिथे घड्याळाचा पांढरा वण तेवढा होता. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं, मोजणीदारांच्या घरातल्या दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता.

“वाजले असतील,” ते म्हणाले. “साधारण.”

बायकोने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. “ताई, अगं ऐकलंस का? हे ‘साधारण’ म्हणाले!” आणि दोघी बहिणी जे हसायला लागल्या, ते पलीकडचं हसू मिनिटरावांना खिडकीपर्यंत ऐकू आलं.